गिअर बदलण्याआधी दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचा

प्रश्न ऑरोरा, कोलोराडोहून आलाय. घरात नवरा-बायको, दोन मुलं, आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून तीन महिने येणारे आई-बाबा. गाडी २०२१ ची राम १५०० पिकअप, ५.७ लिटरचं हेमी इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, मागचा एक्सल ३.२१ चा. त्यांनी तीस फुटी कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पसंत केलाय: रिकामा ७,१०० पौंड, भरून जास्तीत जास्त ८,६००. किंमत ३८,००० डॉलर, त्यातले ३४,००० कर्जाने, १५ वर्षं, ८.२५ टक्के. डीलर म्हणतो, ३.२१ ला ही गाडी आठ हजारांच्या थोडं वर ओढते, ३.९२ चा एक्सल असता तर अकरा हजारांच्या घरात गेली असती. गॅरेजवाला दोन्ही एक्सलचे गिअर बदलून द्यायचे ३,२०० डॉलर मागतोय. दुसरा मार्ग म्हणजे ही गाडी देऊन २५०० च्या, म्हणजे वरच्या दणकट वर्गातली नवी गाडी, ३४,००० डॉलरचं जादा कर्ज काढून. कोणतं करू?

नमस्कार. तुमचा हिशेब वरवर पाहिला तर बिनतोड वाटतो: ३,२०० मध्ये काम होत असेल तर ३४,००० कशाला? पण ज्या दुखण्यावर तुम्ही ३,२०० चं औषध घेताय, ते दुखणं तुमच्या गाडीला नाहीच. आहे ते वेगळं.

आधी एक्सल. आपल्याकडचे ट्रकवाले ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, त्याचंच हे गणित. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो, तो आकडा ३.२१ किंवा ३.९२. आकडा मोठा, तर तेवढ्याच इंजिनातून चाकाला २२ टक्के जास्त जोर, आणि त्याच वेगाला इंजिन २२ टक्के जास्त फिरणार. ६५ मैलांच्या वेगाला वरच्या गिअरात तुमचं इंजिन आज साधारण १,४७० फेरे घेतं, तिथे १,८०० च्या जवळ जाईल. ऑफिसच्या रोजच्या फेऱ्यांतही. पेट्रोलचा हा थोडा भुर्दंड तुमच्या हिशेबात कुठे दिसला नाही.

आता घाट. तुम्हाला धास्ती आहे आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याची, आणि ती रास्त आहे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, बोगदा ११,००० च्या वर, आणि चढ काही ठिकाणी सात टक्के. पण तुमच्या गाडीला आठ गिअर आहेत, हे विसरू नका. ३.९२ ची गाडी चौथ्या गिअरात चाकाला जेवढा जोर देते, त्याहून किंचित जास्तच तुमची ३.२१ तिसऱ्यात देते. ५० मैलांच्या वेगाला दोन्ही इंजिनं ३,५०० फेऱ्यांच्या आसपास असतील. म्हणजे घाटात फरक राहतो तो डॅशबोर्डवरच्या गिअरच्या आकड्याचा. खंबाटकीला एसटीचा ड्रायव्हर गिअर खाली टाकायचा तेव्हा त्याला कुणी क्राउन-पिनियन बदल असं सांगत नसे. आणि उंचीवर हवा विरळ होते तिचं काय? टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी तुमच्या ३९५ अश्वशक्तीतली जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते, आणि ती कुठलाही गिअर परत आणत नाही.

३.९२ चा खरा फायदा जागचं हलताना. पहिल्याच्या खाली आणखी गिअर नसतो, त्यामुळे चढावर थांबून निघताना, किंवा कॅम्पसाइटच्या मुरमाड उतारावर मागे घेताना, ते २२ टक्के कळतात. सपाटीवर वारा समोरून असला की गिअर सारखे वर-खाली होण्याचं प्रमाणही घटतं. हे सुख खोटं नाही. गाडी नवी मागवत असता तर मी म्हटलं असतं, ३.९२ च घ्या. कारखान्यात तो पर्याय काहीशे डॉलरच्या आत मिळतो. नंतर तेच काम करायचं तर फोर-व्हील ड्राइव्ह म्हणून पुढचा आणि मागचा दोन्ही उघडायचे, संगणकात नवा आकडा भरायचा, पहिले पाचशे मैल काही ओढायचं नाही, मग तेल बदलायचं. आणि एवढं करूनही डीलरने सांगितलेले अकरा हजार तुमच्या गाडीच्या नावावर चढत नाहीत. ते प्रमाणपत्र कारखान्यातून तशी निघालेल्या गाडीचं आहे.

आता खरं दुखणं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी असते. तुम्ही फोटो पाठवलात, त्यात माणसं आणि सामान मिळून १,६१० पौंडांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. हा पेलोड. गाडी मागे किती ओढेल हा वेगळा प्रश्न; पाठीवर किती घेईल हा हा प्रश्न, आणि कॅम्परचं नाक गाडीच्या पाठीवरच टेकतं.

मांडू या. कॅम्पर भरला की तो ८,६०० नसेल, पण ८,२०० सहज होईल. चाळीस गॅलन पाणीच ३३० पौंडांच्या वर जातं. त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे कॅम्पर गाडीला जोडायच्या आकड्यावर, यायलाच हवा, नाहीतर कॅम्पर रस्त्यावर शेपटीसारखा डोलतो. १३ टक्के धरले तर १,०६६. हिचचं लोखंड ९०. हौद्यातला कूलर, अवजारं, लाकडं १००. तुम्ही चौघं ४८०. झाले १,७३६. मर्यादा १,६१०. आई-बाबा बसले की दोन हजार पार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, ते इथे अक्षरशः आहे. आणि गिअर कितीही बदला, दारावरचा आकडा एका पौंडाने हलत नाही, कारण तो स्प्रिंग, टायर, ब्रेक आणि चॅसीचा आहे. चढ तुम्ही रडतखडत चढालही. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नच्या बाजूला उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी बांधलेले रेतीचे रॅम्प दिसतात, ते कुणी हौसेने बांधलेले नाहीत.

म्हणजे मोठी गाडी? पेलोडचा प्रश्न तिने सुटतो (डिझेल नको, ते इंजिन इतकं जड की २५०० च्या वर्गातही पेलोड बराच खाऊन टाकतं). पण पैशाकडे बघा. कॅम्परचा महिन्याचा हप्ता ३३० डॉलर. गाडीचं ३४,००० चं कर्ज ७२ महिने, ६.९ टक्क्यांनी, म्हणजे हप्ता ५७८. मिळून ९०८, वर्षाला जवळजवळ १०,९००. तुम्ही वर्षात २५ रात्री म्हणालात. एका रात्रीला ४३६ डॉलर, आणि यात जागेचं भाडं, विमा, हिवाळ्यात कॅम्पर ठेवायचं भाडं धरलेलं नाही. हप्त्यातलं काही मुद्दल विकताना परत येईल, मान्य. पण कॅम्पर हे घर नव्हे, तो गाडीसारखाच उतरत जातो, आणि १५ वर्षांच्या कर्जात पहिली काही वर्षं देणं किमतीच्या वरच राहतं.

करसवलतीचं तुम्ही विचारलंत. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजा करता येतं. जोडप्याचं उत्पन्न दोन लाखांवर गेलं की सवलत घटत जाते. पण गाडीची शेवटची जुळणी अमेरिकेत झालेली हवी. तुमची १५०० मिशिगनमध्ये बनली. तिची थोरली बहीण, २५००, मेक्सिकोत साल्तियोला बनते, म्हणजे सवलत नाही. फोर्डची एफ-२५० केंटकीची, तिला मिळते. कॅम्परला ही सवलत नाही. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असल्याने तो दुसरं घर म्हणून धरता येतो खरा, पण त्यासाठी वजावटी एकेक मांडाव्या लागतात, आणि काहीही न मांडता सरसकट मिळणारी जोडप्याची प्रमाणित वजावटच २०२५ ला ३१,५०० होती. पहिल्या वर्षाचं तुमचं व्याज २,८०० च्या आत. त्या लोभाने कर्ज काढू नका.

माझं मत: गिअरचे ३,२०० वाचवा, नवी गाडी नको, कॅम्पर लहान घ्या. भरून ६,५०० पौंडांपर्यंतचा, बंक बेडवाला. चौघं बसून हिशेब १,५१५ वर येतो, पट्टीच्या आत, आणि ३.२१ ला तो ओढवतो. आई-बाबा असतील त्या सहलींत दुसरी गाडी बरोबर काढा. नाहीतरी बाबांचा गुडघा पाहता मागच्या सीटवर चार तास बसवणं हा त्यांच्यावर अन्यायच. त्याआधी एकदा, याच महिन्यात, त्याच आकाराचा कॅम्पर भाड्याने घेऊन तीन रात्री काढा. मुलांना आवडेल याची मला खात्री आहे. आईंना त्या एवढ्याशा ओट्यावर सहा जणांच्या पोळ्या लाटायला आवडेल का, ते तुम्हीच बघा.

डिपॉझिट परत मिळायची मुदत महिनाअखेरची आहे. येत्या शनिवारी टाकी पूर्ण भरा, सगळ्यांना बसवा, हौद्यात नेहमीचं सामान टाका आणि ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर जा. वीस डॉलरच्या आत काम होतं. दाराजवळच्याच दुसऱ्या पट्टीवर गाडीचं एकूण कमाल वजन ७,१०० लिहिलंय. पावतीवरचा आकडा त्यातून वजा करा. जे उरेल त्यातून हिचचे ९० काढा. मग राहील तेवढंच नाक कॅम्परला टेकवता येईल. पावती मला पाठवा, डीलरला फोन त्यानंतर करू.