निवेदक लबाड असेल तर जादूची वस्तू खरी कशी?

प्रश्न : मी एक कथा लिहिली आहे. तिच्यात आजीच्या पानाच्या डब्यात उघडा ठेवलेला अडकित्ता, घरात कोणी खोटे बोलले की आपोआप मिटतो. कथा सांगणारा नातू मात्र स्वतःच लबाड असून जमिनीच्या वाटणीत त्याने धाकट्या भावाला फसवले आहे. कथा वाचून दाखवल्यावर मित्रांनी विचारले, की सांगणाराच खोटारडा असेल तर अडकित्त्यावर तरी विश्वास का ठेवावा? जादुई वास्तववादी कथेत, म्हणजे रोजच्या जगातच अद्भुत गोष्ट सहज घडते अशा कथेत, निवेदक अविश्वासार्ह ठेवणे ही चूक आहे का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : चूक मुळीच नाही, मात्र आपल्या मित्रांचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांची ‘आलेफ’ ही १९४५ साली प्रथम प्रसिद्ध झालेली कथा याच प्रश्नाभोवती रचलेली आहे. (बोर्हेस यांना जादुई वास्तववादी म्हणावे की अद्भुतकथाकार, हा समीक्षकांचा जुना वाद आहे. आपले काम त्यावाचून अडत नाही.)

ब्वेनोस आयरेस शहरातील एका घराच्या तळघरात, जिन्याच्या १९व्या पायरीपाशी, दोन-तीन सेंटिमीटर व्यासाचा एक तेजस्वी गोल आहे आणि त्यात विश्वातील प्रत्येक ठिकाण एकाच वेळी, सर्व बाजूंनी दिसते. हाच कथेतला आलेफ. कथेचा निवेदक स्वतःचे नाव बोर्हेस असेच सांगतो. त्याचे जिच्यावर प्रेम होते ती बेआत्रिस १९२९ मध्ये वारली असून, दर वर्षी तिच्या वाढदिवशी तो त्या घरी जातो आणि तिच्या चुलतभावाच्या, म्हणजे दानेरीच्या, रटाळ कविता निमूटपणे ऐकतो. पुढे दानेरीच त्याला तळघरात उतरवतो. त्या गोलात निवेदकाला समुद्र दिसतात, वाळवंटे दिसतात, आणि बेआत्रिसने दानेरीला लिहिलेली अश्लील पत्रेही दिसतात. वर आल्यावर तो आलेफविषयी अवाक्षर काढत नाही; उलट दानेरीला वेड लागले असावे अशा काळजीच्या सुरात त्याला शहर सोडून विश्रांती घेण्याचा सल्ला देतो. घर पाडले जाते. ताजा कलम म्हणून जोडलेल्या मजकुरात आपल्याला कळते, की दानेरीला राष्ट्रीय साहित्य पुरस्कारांपैकी दुसरा मिळाला आणि निवेदकाच्या पुस्तकाला एकही मत पडले नाही. त्यानंतर तो म्हणतो, की तो आलेफ खोटाच असावा.

हे तो नेमके कधी म्हणतो, इकडे माझ्या मते लक्ष द्यायला हवे. आपल्या निष्कर्षासाठी तो जुन्या ग्रंथांचे दाखले देतो खरे, पण वाचकाला त्या दाखल्यांपेक्षा मत्सराचा वास आधी येतो. म्हणजे निवेदकाच्या लबाडीला हेतू आहे आणि तो हेतू आपल्याला दिसतो. म्हणून तो जिथे खोटे बोलतो ती जागाही आपण ओळखतो. पायरी १९वी होती की १८वी, गोल किती सेंटिमीटरचा होता, यात त्याला मिळवायचे काहीच नसते, त्यामुळे तेवढ्यापुरता आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. पंचनाम्यातही साक्षीदाराचा हितसंबंध नसलेला तपशील सहज मान्य होतो, तसेच हे आहे.

बोर्हेस यांच्याच ‘जाहीर’ या कथेत अविश्वासार्हतेचा उगम वेगळा आहे. तिथे दारूच्या गुत्त्यात मोडीबरोबर आलेले २० सेंटाव्होंचे एक नाणे निवेदकाला विसरताच येत नाही. नाणे तो दुसऱ्याच दिवशी खर्चून टाकतो, तरी ते मनातून जात नाही. आपण निदान अंशतः तरी अजून बोर्हेसच आहोत, असे तो सुरुवातीलाच सांगतो. हा लबाड नाही. वस्तूनेच त्याला पोखरले आहे. आपला नातू या जातीचा नाही, त्यामुळे शेवटी त्याला भ्रम झाला होता असे दाखवून सुटका करून घेण्याचा मोह आवरावा.

आता अडकित्त्याकडे येऊ. त्याचे पितळ कुठे झिजले आहे, मिटताना आवाज कसा येतो, आजी तो कोणत्या हाताने उचलते, हे सारे नातवाने जमिनीच्या सात-बाऱ्यासारखे कोरडेपणाने सांगावे. विस्मयाची विशेषणे काढून टाकावीत. परंतु अडकित्ता नातवाच्या स्वतःच्या खोट्याला मिटतो की नाही, हे आपण पत्रात लिहिलेले नाही आणि मला वाटते कथेतही आपण ते ठरवलेले नाही. मित्रांचा आक्षेप तिथूनच आलेला असणार. नातवाला आपली फसवणूक कबूल करायला लावू नका. काकूच्या, आईच्या, धाकट्या भावाच्या खोट्याला अडकित्ता कसा मिटला, हे त्याने तारीख-वारासकट सांगावे. आणि वाटणीच्या दिवशी मात्र तो धार लावायला दिला होता, असे बोलता बोलता म्हणून पुढच्या गोष्टीकडे वळावे.