गाविलगडाच्या पायथ्याशी जुने भूकंप कसे शोधतात?

आमचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी. डोंगराला लागून भ्रंश, म्हणजे जिथे जमीन तुटून सरकते अशी भेग, आहे म्हणतात. हजारो वर्षांपूर्वीचे भूकंप कुणी नोंदवलेले नाहीत, मग कळतात कसे? (वाचक, अचलपूर तालुका)

गाविलगड भ्रंशाच्या उत्तरेला डोंगर उचललेला आहे, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचलाय. हा गाळच कामाचा. भ्रंशाला आडवा चर खणायचा, त्याची भिंत खुरप्याने साफ करायची आणि एकेक थर बघायचा. भूकंपात थर तुटून वरखाली सरकलेले असतात. नंतर साचलेला थर मात्र अखंड. शेवटचा तुटका थर आणि त्यावरचा पहिला अखंड थर, या दोघांच्या वयांमध्ये तो भूकंप बसतो. कोळशाचा कण मिळाला तर कार्बन-१४ वरून वय निघतं, तेही साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच. कोळसा नसेल तर वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजतात. त्यासाठी नमुना बंद नळीत, उजेड लागू न देता काढावा लागतो.

विहीर खणताना काळ्या मातीत चकचकीत, तिरपे, रेघाळलेले पृष्ठ दिसले. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगाही पडतात. भ्रंश आमच्या वावरातून जातो का? (शेतकरी, मोर्शी तालुका)

एवढ्यावरून नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. ढेकळं एकमेकांवर घासून ती चकाकी येते. यात जाणकारही फसतात. खरा भ्रंश मातीखालच्या मुरमात, गोट्यांतही उतरतो आणि एकच थर दोन बाजूंना वेगळ्या उंचीवर दिसतो. नदीकाठच्या दरडीत वाळूची उभी शीर खालून वर घुसलेली दिसली, तर मात्र खुरपं शेजारी ठेवून फोटो नक्की काढा. मोठ्या हादऱ्यात पाण्याने भरलेली वाळू पातळ होऊन अशी वर चढते. उकरू नका, दरडीखाली थांबू नका.

सालबर्डीचं गरम पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. भेगांतून खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापून वर येतं.

मग पुढचा भूकंप कधी?

तारीख कुणीच सांगू शकत नाही; सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चरांतून कळतं ते एवढंच, की दोन भूकंपांत किती काळ गेला आणि जमीन किती सरकली. त्यावरून पुढचा केवढा असू शकेल याचा अंदाज बांधतात. मला काळजी घरांची वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तुमचं घर दगडमातीचं असेल तर भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, आणि दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा ओढून घ्या.