इथेरियमवरचे यूएसडीसी आर्बिट्रमवर नेताना काय काळजी घ्यावी?

पहिल्यांदाच यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेली डिजिटल नाणी, इथेरियमवरून आर्बिट्रम या दुसऱ्या चेनवर (ब्लॉकचेनवर) न्यायचेत आणि ब्रिज, म्हणजे दोन चेनना जोडणारा पूल, हॅक झाल्याच्या बातम्या वाचून धीर होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. भीती रास्त आहे. पण ब्रिज फुटायच्या आधी आपली सहीच आपल्याला बुडवते, हे मी घरातच पाहिलंय.

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने ब्रिजचं नाव गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीवर क्लिक केलं. साइट हुबेहूब. वॉलेटने ‘अप्रूव्ह’ विचारलं, म्हणजे दुसऱ्या एका पत्त्याला आपली नाणी खर्च करायची परवानगी; त्याने दाबलं, पुढे पान अडकलं. त्याने टॅब बंद केला. वॉलेटमध्ये तेव्हा जेमतेम दहा यूएसडीसी होते, ते जागेवरच राहिले, म्हणून शंकाही आली नाही. तीन आठवड्यांनी कामाचे पैसे तिथे आले आणि काही मिनिटांत गेले. रात्री मी त्याच्याकडे जाऊन इथरस्कॅन या इथेरियमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर टोकन अप्रूव्हलचं, म्हणजे दिलेल्या परवानग्यांचं, पान उघडलं. एक अनोळखी पत्ता, आणि त्याच्यासमोर रकमेच्या जागी ‘अनलिमिटेड’. “अरे, पण मी सीड फ्रेज कुणालाच दिली नव्हती,” एवढंच तो म्हणत राहिला. (सीड फ्रेज म्हणजे वॉलेट उघडणारे गुप्त शब्द.) 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे आले नाहीत.

म्हणून साइटचा पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून घ्या आणि बुकमार्क करून ठेवा. अप्रूव्ह करताना वॉलेटमध्ये रक्कम बदलता येते, तिथे जेवढे न्यायचेत तेवढाच आकडा टाका. काम झालं की परवानगी रिव्होक करा, म्हणजे मागे घ्या, त्याला थोडा गॅस (व्यवहाराचं शुल्क) लागतो. नुसत्या ‘साइन’ला गॅस लागत नाही म्हणून ती निर्धोक समजू नका, यूएसडीसीमध्ये ‘परमिट’ नावाच्या सहीनेही खर्चाची परवानगी देता येते.

आता ब्रिजबद्दल. अनेक ब्रिजवर तुमचं नाणं पलीकडे जातच नाही. ते अलीकडे तिजोरीत अडकतं आणि पलीकडे पावती मिळते. तिजोरी फुटली की पावती रद्दी. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिजच्या नऊपैकी पाच व्हॅलिडेटरच्या (व्यवहार मंजूर करणाऱ्यांच्या) किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि 1,73,600 इथर (इथेरियमचं स्वतःचं नाणं) व 2.55 कोटी यूएसडीसी गेले. सहा दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही! यूएसडीसीपुरता तरी हा धोका टाळता येतो: यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीची सीसीटीपी पद्धत अलीकडचं नाणं जाळते आणि पलीकडे नवं पाडते, मध्ये तिजोरीच नसते. तीच वापरणारा मार्ग निवडा. आर्बिट्रमवर ‘यूएसडीसी डॉट ई’ दिसलं तर ते पावतीवालं, हे ओळखून ठेवा.

आर्बिट्रमवर गॅससाठी थोडं इथर आधी पोचवा, नाहीतर नाणी पोचतील पण हलवता येणार नाहीत. वॉलेटचा पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका, तिथे मिळतेजुळते बनावट पत्ते पेरलेले असतात. नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं न बघता सगळा पत्ता ताडून बघा. आधी वीस यूएसडीसी पाठवा, ते आर्बिस्कॅनवर (आर्बिट्रमचे व्यवहार दाखवणारी साइट) दिसले की मग बाकीचे.

पुढे कधी आर्बिट्रमच्या अधिकृत ब्रिजने इथर किंवा यूएसडीसी डॉट ई इथेरियमवर परत आणलेत तर साधारण सात दिवस लागतात. ती रचनाच तशी आहे, पैसे अडकलेले नसतात. या सात दिवसांत घाबरून टेलिग्रामवर मदत मागाल तर ‘सपोर्ट’ म्हणवणारे लगेच मेसेज करतील आणि सीड फ्रेज मागतील. त्यांना उत्तरच देऊ नका.

आणि हे वॉलेट आधी कुठल्याही साइटला जोडलं असेल, तर नवे पैसे टाकण्यापूर्वी आजच ते अप्रूव्हलचं पान उघडून बघा.