कलमकारी : हाताची की ठशांची?

प्रश्न : कलमकारी म्हणून वेलबुट्टी आणि मोर असलेलं सुती कापड घेतलं. ते हाताने काढलेलं आहे की छापलेलं, हे कसं ओळखायचं? आणि धुवायचं कसं?

उत्तर : एकसारखे वाटणारे दोन मोर शोधा आणि त्यांची चोच, डोळा, पिसांची टोकं ताडून पाहा. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाळहस्ती गावच्या कामात रेघ बांबूच्या कलमाने ओढतात. ती कुठे जाड, कुठे बारीक होते आणि दोन मोर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आंध्रातल्याच मच्छलीपट्टणमकडचं काम लाकडी ठशांचं. तिथे नक्षी हुबेहूब पुन्हा येते, मात्र दोन ठसे जुळतात तिथे केसभर फट किंवा दुहेरी रेघ सापडते. (ठशाचं म्हणजे कमअस्सल, असं मुळीच नाही. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि तो अचूक बसवणं हे कसबच.) सगळं कापड यंत्रासारखं बिनचूक आणि मागची बाजू फिकट असेल, तर बहुधा ते स्क्रीन प्रिंट.

धुण्याचं गणित काळ्या रेघेत आहे. पारंपरिक पद्धतीत कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही. मग लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी हिरड्यातल्या टॅनिनला (तुरट द्रव्याला) लागलं की काळा उमटतो. आम्लाने हाच काळा उडतो, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. पहिले दोन-तीन वेळा वेगळं, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवा; न पिळता सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने.