डोअर्स, बेसलाईन, ट्रेसेबिलिटी… ही नोकरी इंजिनीअरची का टायपिंगची?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. मुलगी मेकॅनिकलची बीई, व्हीटीयूचा (कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) शेवटचा सेम आत्ता संपला आणि बेंगळूरच्या एका इंजिनीअरिंग सर्व्हिसेस कंपनीचा इंटरव्ह्यू कॉल आलाय, पोस्टचं नाव रिक्वायरमेंट्स इंजिनीअर. जाहिरातीत डिझाईन नाही, प्रॉडक्शन नाही, नुसतं डोअर्स, ट्रेसेबिलिटी, बेसलाईन, व्हेरिफिकेशन असलं काय काय लिहिलंय, आणि बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत असलेला तुमचा भाचा म्हणतोय की मामा ही टायपिंगची नोकरी, चार वर्षं शिकून पोरगी वाक्यं टाईप करत बसणार. वर पुण्याचा एक क्लासवाला डोअर्स शिकवायचे ४५ हजार मागतोय. आणि पोरगी खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेली, इंग्लिशला घाबरते, हे पण लिहिलंय तुम्ही.

आधी पैशाचं. भरू नका. डोअर्स हे रिक्वायरमेंट, म्हणजे वस्तूने काय काय केलं पाहिजे त्याच्या अटी, लिहून सांभाळायचं आयबीएमचं सॉफ्टवेअर, लायसन्स महाग, ते कंपनीच घेते आणि नवीन पोरांना कंपनीच शिकवते, बटणं कुठं आहेत हे कळायला फार दिवस लागत नाहीत. क्लासवाला शिकवणार ती बटणं, त्याच्यामागचा विचार नाही शिकवणार.

आता भाच्याचं. तो खोटं बोलत नाही हो, पण तो जिथं उभा आहे तिथून त्याला एवढंच दिसतं. फौंड्रीत ड्रॉईंग हातात येतं, त्यावर माप असतं, तसं कास्टिंग काढायचं. हत्तरगीला एक्वसच्या एसईझेडमध्ये विमानाचे पार्ट बनतात, तिथं पण बरंचसं काम गिऱ्हाईकाच्या ड्रॉईंगवरच. पण ते माप तेवढंच का, तो पार्ट किती लोड घेणार, किती तापमानात टिकायला पाहिजे, हे कुणीतरी आधी ठरवलेलं आणि लिहिलेलं असतं. तो लिहिणारा म्हणजे ही पोस्ट. आपल्याकडं हे काम कमी दिसतं, बेंगळुरात बॉश, एअरबस, हनीवेलसारख्यांची इंजिनीअरिंग सेंटर आहेत, एचएएल आणि इस्रो आहेत, त्यामुळं तिथं जास्त दिसतं.

इथून पुढचं पोरीला वाचायला द्या.

तर बघ, शब्द बघून घाबरू नकोस. घरच्या बोअरला ऑटो स्टार्टर असेलच, तोच घेऊ. तुझे बाबा दुकानात जाऊन काय म्हणतील, "पाणी संपलं तर मोटर जळू नये." ही झाली स्टेकहोल्डरची, म्हणजे ज्याला वस्तू वापरायची आहे त्याची गरज. खरी आहे, पण यावर टेस्ट करता येत नाही, कारण किती वेळात, कशावरून ओळखायचं, काहीच नाही त्यात. पाणी संपलं की मोटरवरचा भार उतरतो आणि करंट कमी होतो, म्हणून इंजिनीअर लिहितो: मोटरचा करंट ठरवलेल्या मर्यादेच्या खाली गेला तर कंट्रोलरने १० सेकंदांच्या आत मोटर बंद केली पाहिजे. ही सिस्टिम रिक्वायरमेंट. एका वाक्यात एकच गोष्ट, आकडा आहे, आणि पास का फेल ते सांगता येतं. तिला एक आयडी नंबर मिळतो जो परत दुसऱ्या कशाला द्यायचा नाही, आणि तिच्याबरोबर ॲट्रिब्यूट असतात, म्हणजे स्टेटस काय, मालक कोण, कशाने तपासणार: टेस्ट, ॲनालिसिस, इन्स्पेक्शन का डेमॉन्स्ट्रेशन.

आता बाबांच्या त्या वाक्यापासून या वाक्याला लिंक, या वाक्यापासून सर्किटच्या आणि सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटला लिंक, तिथून टेस्ट केसला लिंक. ही साखळी वरून खाली आणि खालून वर चालत जाता आली पाहिजे, तीच ट्रेसेबिलिटी. खाली एखादी रिक्वायरमेंट सापडली जिला वर आईबाप नाहीत, तर विचारायचं की बाई तू कुठून आलीस? कधी ती फालतू निघते, कधी डिझाईन करताना नवीन निघालेली असते, तिला डिराईव्हड म्हणतात, तिचं कारण मात्र लिहून ठेवावं लागतं. विमानाच्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला आयएसओ २६२६२ हे स्टँडर्ड आहेत, त्यात ही साखळी दाखवावीच लागते, नाहीतर ऑडिटला कंपनी अडकते. या नोकऱ्या निघतात त्याचं मोठं कारण हेच.

मजा खरी पुढं आहे. समजा कुणी ते १० सेकंद बदलून ५ केले. टूल लगेच त्याला जोडलेल्या सगळ्या लिंकवर खूण करतं, हिला सस्पेक्ट लिंक म्हणतात, म्हणजे वरचं बदललंय, खालचं अजून बरोबर आहे का ते माणसाने येऊन बघावं. टूल फक्त बोट दाखवतं. ५ सेकंद केल्यावर व्होल्टेज जरा खाली-वर झालं तरी मोटर उगाच बंद पडेल का, हे करंटची भानगड समजणाऱ्यालाच कळणार, टायपिंगवाल्याला नाही. भाच्याला हे सांग. आणि बेसलाईन म्हणजे एका दिवशी सगळ्यांनी मान्य केलेली, गोठवलेली प्रत. ती आता बदलायची नाही, बदल पाहिजे तर चेंज रिक्वेस्ट टाकायची, कुठं कुठं फरक पडेल ते काढायचं, मग पुढची बेसलाईन.

व्हेरिफिकेशन (लिहिल्याप्रमाणे झालं का) आणि व्हॅलिडेशन (वापरणाऱ्याचं काम झालं का) यातला फरक इंटरव्ह्यूत विचारतातच, तिथं पाठ केलेलं बोलू नकोस, स्टार्टरचंच सांग. ५ सेकंदांत बंद झाला, टेस्ट पास, हे व्हेरिफिकेशन. पण थ्री फेज लाईट रात्री येते, बाबा झोपलेले, स्टार्टर बंद पडला तो पडला, बोअरला परत पाणी आलं तरी चालू व्हायचं नाव नाही, आणि सकाळी ऊस कोरडाच. सगळ्या रिक्वायरमेंट पास होऊन शेतकऱ्याचं काम झालंच नाही, म्हणजे व्हॅलिडेशनला नापास.

नावांचा गोंधळ मात्र आहे, तो धरून ठेव. डोअर्ससारखी दुसरी टूल पण आहेत आणि प्रत्येकाची नावं वेगळी: जुन्या डोअर्समध्ये डॉक्युमेंटला मॉड्यूल आणि त्यातल्या एकेका नोंदीला ऑब्जेक्ट म्हणतात, डोअर्स नेक्स्टमध्ये नोंदीला आर्टिफॅक्ट, सिमेन्सच्या पोलारियनमध्ये वर्क आयटम आणि डॉक्युमेंट म्हणजे लाईव्हडॉक, कोडबीमरमध्ये ट्रॅकरमधला आयटम, जामामध्ये नुसता आयटम. मालक पण बदलत राहतात, डोअर्स क्यूएसएस नावाच्या कंपनीचं होतं, मग टेलीलॉजिककडं गेलं, २००८ मध्ये आयबीएमकडं आलं, आणि कोडबीमर २०२२ मध्ये पीटीसीने घेतलं. म्हणून मी एका टूलवर पैसे घालू नका म्हणतोय. एका टूलमधून दुसऱ्यात डेटा न्यायला रेक्विफ नावाचा फॉरमॅट आहे, तो ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचा, २०११ पासून. हे एक वाक्य इंटरव्ह्यूत बोललीस तरी समोरचा जरा सरळ बसेल.

इंग्लिशचं म्हणशील तर इथं मराठी शाळेवालीचं काहीच अडत नाही. लांब आणि छान इंग्लिश इथं चालतच नाही. कोणी, काय, किती वेळात, कुठल्या परिस्थितीत, आणि मध्ये एक "शॅल" (shall, म्हणजे केलंच पाहिजे), संपलं. फास्ट, सोपं, पुरेसं, वगैरे, असे शब्द दिसले की रिव्ह्यूत लाल शेरा पडतो. आणि कन्नड तुला येतंच, बेंगळुरात घर शोधायला, ऑटोवाल्याशी भांडायला तेच कामी येणार, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री बसलीस की सकाळी तिथं.

सरावाला खर्च नको. रिक्वायरमेंट लिहायची डोरस्टॉप आणि स्ट्रिक्टडॉक ही ओपन सोर्स टूल फुकट आहेत, नासाचं सिस्टिम्स इंजिनीअरिंग हँडबुक पण फुकट उतरवता येतं, त्यातली रिक्वायरमेंटची प्रकरणं तेवढी वाच, सगळं वाचत बसू नकोस. इनकोस या सिस्टिम्स इंजिनीअर लोकांच्या संस्थेची एएसईपी नावाची परीक्षा अनुभव नसताना देता येते, पण ती आत्ता नको, पगार सुरू झाल्यावर बघ.

भाऊ, परत तुम्हाला. भाच्याचं म्हणणं एका ठिकाणी खरं ठरू शकतं. काही कंपन्यांत फ्रेशरला वर्षभर एक्सेलमधून डोअर्समध्ये कॉपी आणि तुटलेल्या लिंक जोडायला बसवतात, दुसरं काही नाही. म्हणून पोरीला सांगा की इंटरव्ह्यूच्या शेवटी तिनेच विचारायचं: रिक्वायरमेंट लिहितं कोण, आम्ही का गिऱ्हाईकाची टीम? नवीन पोरांना रिव्ह्यू मीटिंगला बसवता का? प्रोजेक्ट गाडीचा, विमानाचा का मेडिकलचा? दोन वर्षांनी माणसं इथून कुठल्या कामाला जातात? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा कॉल बघा, आणि बाँड असेल तर तो कागद सही करायच्या आधी घरी आणायला सांगा.

तोपर्यंत तिने त्या ऑटो स्टार्टरच्या पंधरा-वीस रिक्वायरमेंट एक्सेलमध्ये लिहाव्यात, आयडी, वरची लिंक, तपासायची पद्धत, सगळ्या कॉलमसकट, इंग्लिशमध्ये, कशा का असेनात. मला पाठवू दे, मी लाल पेनाने बघून देतो, आणि तोच कागद तिने इंटरव्ह्यूला बरोबर न्यावा.