कुठवर, देवा? : स्तोत्रसंहितेविषयी वाचकांचे प्रश्न

इब्री भाषेत ‘तहिल्लीम’ आणि आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘स्तोत्रसंहिता’ म्हणून असलेल्या १५० कवितांविषयी आलेल्या पत्रांतली सहा पत्रं या अंकात घेतली आहेत.

दर वर्षी जानेवारीत पहिल्या स्तोत्रापासून वाचायला घेते. दहा-पंधरा झाली की सगळी सारखीच वाटू लागतात आणि वाचन सुटतं. माझं कुठे चुकतं? (वाचक, अहिल्यानगर)

क्रमाने आणि भराभर वाचण्यात चुकतं. पहिली दोन स्तोत्रं म्हणजे ग्रंथाचा उंबरठा. तो ओलांडला की तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत बहुतेक संकटातले धावेच लागतात. नवख्या वाचकाची तिथेच दमछाक होते. ज्यू परंपरेत सगळी स्तोत्रं आठवड्यात किंवा महिन्यात पूर्ण म्हणायची वाटणी आहे, पण ती लहानपणापासून कानावर पडलेल्यांसाठी. तुम्ही एका आठवड्याला एकच छोटं स्तोत्र घ्या. पहिल्या चार आठवड्यांना १२१, १३१, १३ आणि २३ पुरे.

पहिल्या स्तोत्रात ‘रात्रंदिवस मनन’ असा शब्द येतो. तिथलं मूळ इब्री क्रियापद ‘हागा’. सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्यालाही तेच वापरलं आहे. म्हणजे हे मनन डोळे मिटून गप्प बसण्याचं नाही, ओठांनी पुटपुटण्याचं आहे. म्हणून पहिल्या दिवशी स्तोत्र दोनदा मोठ्याने वाचा, अर्थ शोधू नका. दुसऱ्या दिवशी ओळींच्या जोड्या पाहा. इब्री कविता यमकावर चालत नाही. ओळीचा पहिला अर्धा भाग जे म्हणतो, ते दुसरा भाग पुन्हा म्हणतो, पण थोडं पुढे सरकून. तिसऱ्या दिवशी परत परत येणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा.

स्तोत्र १२१ मध्ये हा शब्द सहज सापडतो. आठ वचनांत ‘राखणे’ या अर्थाचा ‘शामर’ हा धातू सहा वेळा येतो. यरुशलेमेच्या वाटेने चढणाऱ्या यात्रेकरूंच्या पंधरा गीतांतलं हे एक. रात्रीच्या मुक्कामात पहाऱ्याला जागं कोण राहणार, हा त्या वाटेवरचा खरा प्रश्न. तिसरं वचन म्हणतं की तुझा राखणारा डुलकी घेणार नाही. चौथं पुढे जातं, तो डुलकीही घेत नाही आणि झोपतही नाही. पिकाला जागल घालणाऱ्या माणसाला या दोन क्रियापदांतला फरक कुणी समजावून सांगायला नको! उरलेल्या दिवसांत अशी एकच अर्धी ओळ काम करता करता म्हणत राहा. ‘आजचा धडा’ पहिल्याच दिवशी काढायला गेलात तर स्तोत्राचं सुभाषित होतं आणि दुपारपर्यंत ते विसरायला होतं.

आमच्या घरात आजोबांच्या वेळचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे बाविसावं आहे, आणि नव्यात तेविसावं. छपाईची चूक आहे का? (वाचक, वसई)

चूक नाही. जुन्या कॅथलिक पुस्तकांनी ग्रीक-लॅटिन क्रम धरला होता. इब्रीतलं ९ आणि १० ग्रीकमध्ये एकच स्तोत्र होतं, त्यामुळे पुढचे बहुतेक आकडे एकाने मागे पडतात. १४७ ची तिथे दोन स्तोत्रं होतात आणि शेवटची तीन पुन्हा जुळतात. वचनांचा फरक वेगळा. इब्री प्रतीत मथळाही वचन म्हणून मोजतात, लांब असला तर दोन वचनं म्हणून, त्यामुळे आपलं ५१:१ तिथे ५१:३ असतं. अभ्यासवर्गात वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर आकड्याबरोबर पहिली ओळही सांगा.

घरात मोठं आजारपण आहे. प्रार्थनेला बसले की देवाशी भांडावंसंच वाटतं. मंडळीतले लोक म्हणतात, कुरकुर म्हणजे अविश्वास. (वाचक, मिरज)

या संग्रहातली निदान एकतृतीयांश स्तोत्रं दुःखाची आणि तक्रारीची आहेत, आणि ती मंदिराच्या उपासनेत गायली गेली आहेत. कुरकुर पाठीमागे करतात. ही तक्रार समोर उभं राहून केलेली आहे. तुम्ही भांडायला का होईना, देवासमोर बसता आहात. त्याला अविश्वास म्हणणाऱ्यांनी तेरावं स्तोत्र उघडून पाहावं.

त्याची सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर’ चार वेळा येतं. दोन ‘कुठवर’ देवाला: मला विसरणार कुठवर, तोंड लपवणार कुठवर? एक स्वतःविषयी: मनातल्या मनात किती घोळवत राहू? आणि एक शत्रूविषयी. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणं आहे, तीन छोट्या आज्ञांत: बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड घाल. पाठोपाठ ‘नाही तर काय होईल’ ही भीतीही उघड सांगितली आहे. पाचव्यात ‘मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ असं वळण येतं. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. आजार तसाच, शत्रू तसाच.

हाच साचा वापरा. कागदावर तीन गोष्टी वेगळ्या लिहा: देवाविषयीची तक्रार, स्वतःच्या मनाची अवस्था, बाहेरचा त्रास. आपण एरवी या तिन्हींचा गुंता करतो आणि राग भलत्याच माणसावर निघतो. मग मागणं लिहा, नेमकं: ‘सगळं बरं कर’ असं मोघम नको, ‘आज रात्री त्यांना झोप लागू दे’ असं. भीती लिहा. शेवटची ओळ आतून येत नसेल तर ओढूनताणून लिहू नका. इथेच बहुतेकांचं बिघडतं. सांत्वनाला आलेली माणसंही पाचव्या वचनापासूनच सुरुवात करतात आणि आजारी माणूस पहिल्या वचनात एकटा राहतो.

वळण मुळीच न येणारंही एक स्तोत्र आहे, अठ्ठ्याऐंशीवं. त्याचा इब्रीतला शेवटचा शब्दच ‘अंधार’ या अर्थाचा आहे. तरी ज्याच्याकडे गाऱ्हाणं नेलं त्याला कवी सुरुवातीलाच ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ म्हणतो. वाईट रात्री तेवढा एकच संबोधनाचा शब्द म्हटला तरी ती प्रार्थना आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरातलं रोजचं वचन हा देवाने मला दिलेला शब्द समजावा का? (वाचक, पुणे)

वचन जरूर वाचा, पण अख्खं स्तोत्र उघडून. ४६:१० मधलं ‘शांत राहा’ घ्या. नवव्या वचनात धनुष्यं मोडताहेत, भाले तुटताहेत. इथली इब्री आज्ञा अनेकवचनी आहे आणि तिचा अर्थ ‘हात सैल सोडा, थांबा’ असा. ती लढणाऱ्या राष्ट्रांना आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. भावाशी जमिनीवरून वाद घालणाऱ्याला ती डोळे मिटून बसायला सांगत नाही, हातातली काठी खाली ठेवायला सांगते.

आणि ९१ व्या स्तोत्राची आठवण ठेवा. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे तिथलं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला ऐकवतो, मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणत. शब्द खरे, वापर खोटा. येशू ते वचन नाकारत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे दुसरं वचन त्याच्याशेजारी ठेवतो.

तेविसावं लहानपणापासून पाठ आहे, म्हणूनच आता काही जाणवत नाही. (वाचक, अलिबाग)

सर्वनामांवर बोट ठेवून वाचा. सुरुवातीला ‘तो’ आहे: तो निजवतो, तो नेतो. दरीतला अंधार आला की एकदम ‘तू’ होतो: ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात देवाविषयी बोलणारा दरीत देवाशी बोलू लागतो. इब्रीत मथळा सोडून ५५ शब्द आहेत आणि हे तीन शब्द बरोबर मधोमध येतात, अलीकडे २६ आणि पलीकडे २६. शेवटच्या वचनात चांगुलपणा आणि दया मागे येतात असं म्हणताना जे क्रियापद आहे, ते एरवी शत्रू पाठलाग करतो त्याचं. ते हळूहळू मागे येणं नाही, धावत पाठीस लागणं आहे. हे ध्यानात ठेवून आठवडाभर फक्त चौथं आणि सहावं वचन म्हणा.

१३७ व्या स्तोत्राच्या शेवटी शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटण्याची भाषा आहे, ती मुलांसमोर वाचवत नाही. अशी वचनं गाळावीत का? (वाचक, जालना)

लहान मुलांच्या प्रार्थनेत सहाव्या वचनापाशी थांबा, त्यात संकोच नको. कॅथलिक चर्चच्या १९७१ नंतरच्या दैनिक प्रार्थनाग्रंथात ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली आहेत, आणि १३७ ची शेवटची वचनंही. पण मोठ्यांनी ती एकदा तरी वाचावीत. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, शेजारचे अदोमी लोक बाजूला उभे राहून ‘पाडा, पायापर्यंत पाडा’ म्हणाले. स्वतःची लेकरं गमावलेल्या, हातात शस्त्र नसलेल्या बंदिवानाचा हा आवाज आहे. तो सूड घेत नाही, सूडाची इच्छा देवाच्या पुढ्यात टाकतो. ती इच्छा योग्य आहे असं स्तोत्र सांगत नाही. तिला जाण्यासाठी दुसरी जागा नाही, एवढं दिसतं.

तुमच्यावर अन्याय झाला असेल तर ९४ वं वाचा. तिथेही सूड मागितला आहे, पण तो देवाच्या न्यायासनासमोर. शत्रूच्या जागी शेजाऱ्याचं नाव घालून मात्र वाचू नका. तसं केलं की फिर्यादीची प्रार्थना होण्याऐवजी शापाचा मंत्र होतो. त्यानंतर लगेच १३१ घ्या. त्याची वचनं तीनच. त्यात अंगावरचं दूध सुटलेलं मूल आईजवळ बसलं आहे. आता त्याला तिच्याकडून दूध नको असतं, नुसतं जवळ बसायचं असतं.