वाचकांचे प्रश्न : पहाटेची झोप कापू नका

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. रात्री दोनपर्यंत वाचत बसते, सहाला उठते. लवकर झोप म्हटलं की ‘झोपण्यात वेळ वाया जातो’ म्हणते. पण रात्री पाठ केलेलं सकाळी विचारलं की अडखळते. काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर : वेळ वाया जातोय तो जागरणात. दिवसभर वाचलेलं मेंदू आधी हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं टिपून ठेवतो. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक, जेमतेम करंगळीएवढा हा भाग. तिथल्या नोंदी कच्च्या असतात. त्या पक्क्या होण्याचं मोठं काम झोपेत होतं. गाढ झोपेत मेंदूत सेकंदाला साधारण एक अशी मोठी, संथ लहर उठते. तिच्या जोडीने अर्धा ते दोन सेकंद टिकणाऱ्या जलद लहरी येतात, सेकंदाला १२ ते १५ कंपनांच्या. आलेखावर त्या सुताच्या चातीसारख्या दिसतात : मध्ये फुगीर, टोकांना निमुळत्या. याच वेळी हिप्पोकॅम्पस दिवसाची उजळणी करत असतो. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत हे टिपलं. फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र चेतल्या.

आता हिशेब बघा. झोपेची एक फेरी साधारण ९० मिनिटांची. रात्रीत अशा चार-पाच होतात. गाढ झोप पहिल्या दोन फेऱ्यांत जास्त, तर स्वप्नांची झोप आणि हलकी व गाढ यांच्या मधली, चातीसारख्या लहरी भरपूर असलेली झोप पहाटेकडे वाढत जाते. चार तास झोपणाऱ्या मुलीला गाढ झोप बरीचशी मिळते, पण पहाटेचा सगळा वाटा जातो. शिवाय अर्धवट झोपलेला मेंदू दुसऱ्या दिवशीचा नवा धडाही नीट टिपत नाही. नुकसान दुहेरी आहे.

मात्र तिला रागावू नका. या वयात झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. दहाला डोळा लागत नाही म्हणजे ती हट्टीपणा करते असं नाही. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप लागते. म्हणून उठण्याची वेळ साडेसहा पक्की करा, रविवारीसुद्धा. झोपण्याची वेळ दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. तीन आठवड्यांत ती दोनवरून साडेदहावर येईल. एकदम साडेदहाला दिवा घालवलात तर ती नुसती कूस बदलत राहील. उठल्यावर पंधरा मिनिटं गॅलरीत उजेडात बसू द्या, मेंदूतलं झोपेचं घड्याळ त्यानेच अलीकडे सरकतं. पाठांतराचा विषय रात्री शेवटी घ्यावा आणि सकाळी पुस्तक मिटून, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढावं. दुपारी डुलकी घ्यायची तर तीनच्या आत आणि २० मिनिटांचीच. त्यापुढे गाढ झोप सुरू होते आणि मध्येच उठवलं की डोकं जड होतं.

आणि चहा. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यानेच झोप येते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. साठलेलं ॲडेनोसिन कुठे जात नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी सुमारे निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. रात्री दहाचा ‘अभ्यासाचा चहा’ बंदच करा.

प्रश्न : पहाटे कधीकधी जाग येते, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आजी म्हणते बाहेरचं आहे. खरंच काही भयंकर आहे का?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : नाही. भीती मात्र खरीच वाटते, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्वप्नांच्या झोपेत डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ही झोप जगापुढे मांडली. त्या वेळी मेंदूचा देठ हातापायांच्या स्नायूंचे आदेश थांबवतो, म्हणून आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणात धावत नाही. तुमच्या बाबतीत जाग आधी येते आणि हा अडसर थोडा उशिरा निघतो. श्वासपटल चालू असतं, पण छातीचे स्नायू सैल असल्याने मनाजोगा खोल श्वास घेता येत नाही. छातीवरचं ओझं ते हेच. अपुरी झोप, वेळापत्रकाची मोडतोड आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. कुशीवर झोपा. झालंच तर उठायची धडपड न करता श्वास सावकाश सोडा आणि एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत सुटका होते. दिवसाही अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघ्यातून बळ जात असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वडील रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच आवाज बंद पडतो आणि मग दचकून श्वास घेतात. दिवसा पेपर वाचतानाही डुलक्या येतात.
– नाशिक

उत्तर : थांबू नका. घसा मिटून श्वास अडतो आणि दर वेळी मेंदूला अर्धवट जागं व्हावं लागतं. आठ तास पडूनही गाढ झोप मिळत नाही ती त्यामुळे. मोबाइलवर दहा मिनिटं चित्रण करून कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ते स्लीप स्टडी करायला सांगतील. त्यात दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडण्याचे प्रसंग मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी असतील तर सहसा काळजी नसते, तीस किंवा त्याहून जास्त म्हणजे आजार तीव्र. तोवर त्यांना कुशीवर झोपवा. झोपेची गोळी किंवा दारू मात्र बिलकूल नको, घसा त्याने आणखी सैल पडतो.